ठराव आणि पाणी

स्मरणिकेसाठी बाबासाहेबांवर लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा घटनेच्या शिल्पकाराविषयीच मी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयावर इतर मान्यवर लिहितीलच. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्याआधीचे पंधरा-सोळा वर्षांचे आंबेडकर अधिक अभ्यासावेसे वाटतात. मुंबईत वकिली करणारे आणि मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बसणारे हे आंबेडकर आपल्या जयंतीच्या भाषणांत फारसे भेटत नाहीत.

ग्रेज इन येथून बॅरिस्टर होऊन ते १९२३ मध्ये परतले आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयात वकिली करू लागले. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार सहजी येत नव्हते. तरीही १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांची बाजू लढवून जिंकली आणि त्यांच्या वकिलीचा बोलबाला झाला. १९२७ च्या आरंभी ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. ही गोष्ट आपण लपवू नये, कारण तिच्यातच त्यांचे मोठेपण दिसते. ज्या सरकारने खुर्ची दिली त्याच सरकारच्या महसूल धोरणावर त्यांनी पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात कोरडे ओढले.

परंतु वकील, आमदार आणि गावची नगरपालिका या तिन्ही धाग्यांची गाठ जिथे पडते ते ठिकाण म्हणजे महाड. चवदार तळ्याची हकिगत आपल्या मुलांना पाठ असते ती २० मार्च १९२७ या एका दिवसापुरती. तिची सुरुवात मात्र ४ ऑगस्ट १९२३ या दिवशी झाली. सी. के. बोले यांच्या ठरावाने सरकारी व स्थानिक संस्थांची पाणवठ्यांसारखी ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असे त्या दिवशी कौन्सिलाने ठरवले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तसा ठराव मंजूर केला. कागद झाला, पण तीन वर्षे त्या तळ्याच्या पाण्याला आपला एकही हात लागला नाही. तो लागल्यावर काय घडले, किती डोकी फुटली, हे वाचकांस ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले, हे फार थोड्यांना माहीत असते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला नेमकी चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सभेत हात वर झाले आणि तळे पुन्हा बंद झाले.

डिसेंबरात सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही महाडात जमले असताना बाबासाहेबांनी त्या हुकुमाचा मान राखला. ज्याला स्वतःच्या लोकांना ‘आज थांबा’ असे सांगता येते तोच खरा पुढारी, असे मी समजतो. मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालतच राहिला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये लागला, मग अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अखेरचा निवाडा दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी काळापासूनची बंदीची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. निवाडा देणाऱ्यांत न्या. ब्रूमफील्ड होते. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. एका ओंजळीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला पहिल्या ठरावापासून जवळजवळ चौदा वर्षे लागली.

कौन्सिलातले काम याहून कमी चिकाटीचे नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकालाही त्याच वर्षी पाठिंबा दिला. १९३७ मध्ये निवडून येऊन विधानसभेत गेल्यावर कोकणातली खोती नष्ट करणारे विधेयक आणले. वतनाचे विधेयक मागे घ्यावे लागले आणि खोतीचेही पार पडले नाही. पुढे खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये आला, वतने नष्ट करणारा १९५८ मध्ये. तोवर ते महापरिनिर्वाण पावले होते. मतांच्या हिशेबात ते हरले असे कोणी म्हणेल. मला तो हिशेब मान्य नाही.

आपल्या शाळेच्या संदर्भात आणखी एक आठवण सांगतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. महाडची नगरपालिका पाणी बंद करीत होती, सोलापूरची मुलांच्या जेवणाला हातभार लावत होती. फरक कायद्याचा नव्हता, सभागृहात कोण बसले आहे याचा होता.

नववीच्या वर्गात ‘कोण होणार?’ असे विचारले की निम्मे हात ‘कलेक्टर’साठी वर होतात. मी एकदा ‘नगरसेवक कोण होणार?’ असे विचारले, तेव्हा वर्ग हसला. मुलांचा दोष नाही. राखीव प्रभागातून निवडून आलेल्या आपल्या माणसाकडून आपण सहीपलीकडे काही अपेक्षिले नाही. गेल्या वर्षी माझा एक माजी विद्यार्थी, आता नगरसेवक, घरी आला. त्याच्या वस्तीतल्या नळजोडणीचा खर्च दुसऱ्या प्रभागाकडे वळवला गेला होता. मी इतिवृत्त मागून घेतले. त्या ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांत त्याचेच नाव होते. त्याने विषयपत्रिका वाचलीच नव्हती.

“सर, तिथे कोणीच वाचत नाही,” तो म्हणाला.

त्याला मी चहा दिला आणि इतिवृत्तातला तो ठराव त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचताना तो मध्येच थांबला. आता सभेच्या आदल्या रविवारी विषयपत्रिका घेऊन तो माझ्याकडे येतो. नळ अजून आलेला नाही.