लिंक पाठवणाऱ्याचीही जबाबदारी हवी

कळमेश्वर एमआयडीसीतील कारखान्याचे ऑफिस असो की बाजारातले दुकान, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल तयार झाले की ग्राहकाला आपोआप ई-मेल पाठवण्याची सोय आता करता येते. त्यात ‘बिल पाहण्यासाठी येथे क्लिक करा’ अशी निळी ओळ असते. कागद वाचतो, वेळही वाचतो. कागदी बिलाऐवजी ई-मेल निवडणाऱ्याला महावितरणही ‘गो-ग्रीन’ योजनेत प्रत्येक बिलामागे 10 रुपये सूट देते.

गोम आहे ती त्या निळ्या ओळीत. दिसणारा मजकूर आणि त्यामागचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असतात. वर बँकेचे नाव आणि मागे भामट्याचे संकेतस्थळ, असे सहज करता येते. संगणकावर माऊस लिंकवर नेला की खरा पत्ता दिसतो; मोबाइलवर लिंक दाबून धरावी लागते. घाईत हे किती जण करतात?

एसएमएसमधील लिंक आधी नोंदवण्याची सक्ती ‘ट्राय’ने 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू केली. ई-मेलला तसे बंधन नाही. म्हणूनच ग्राहकाला नुसते ‘सावध राहा’ सांगून भागणार नाही. पाठवणाऱ्याने स्वतःच्या डोमेनवरूनच मेल पाठवावा, ग्राहकाला स्वतः टाइप करता येईल असा छोटा पत्ता द्यावा आणि पासवर्ड किंवा ओटीपी मागणाऱ्या पानाची लिंक देऊच नये. खऱ्या मेलनेच डोळे झाकून क्लिक करण्याची सवय लावली, तर खोट्याचे फावणारच.

फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा.