परदेशी खाते आणि पगारदाराची पुंजी

सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना आधार उरला तो ५ लाखांच्या ठेव विम्याचा. परदेशी शेअर घेण्यासाठी तिकडील बँकेत खाते उघडू पाहणाऱ्या पगारदाराने हा धडा विसरू नये.

१९७३ च्या ‘फेरा’ कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून असे खाते ठेवणे हा गुन्हाच होता. २००४ च्या योजनेने ते दार उघडले; आज प्रत्येकास वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर धाडता येतात. परंतु मुभा म्हणजे संरक्षण नव्हे. आपला ठेव विमा परदेशी बँकेतील खात्यास लागू नाही. म्हणून शुल्क वा व्याज पाहण्याआधी त्या देशात ठेवींना हमी कोणती, हे पाहावे. अमेरिकेत ती अडीच लाख डॉलरपर्यंत आहे. मात्र ती रोख ठेवीला, शेअरच्या घसरणीला नव्हे.

दुसरा प्रश्न वारसांचा. अमेरिकी शेअर बाळगणारा भारतीय निवर्तल्यास ६० हजार डॉलरवरील मूल्यावर तेथील सरकार मृत्युकर आकारते. त्याचा कमाल दर ४० टक्के आहे.

तिसरी जबाबदारी आपल्याच घरची. परदेशी खाते असणाऱ्यास प्राप्तिकराचे ‘सहज’ विवरणपत्र चालत नाही. शिल्लक कितीही अल्प असो, तिची नोंद स्वतंत्र तक्त्यात करावी लागते.

तेव्हा कोणती बँक, हा शेवटचा प्रश्न होय. बँक बुडाली वा आपण गेलो, तर घरच्यांनी कोणाचे दार ठोठवावे, हे ज्यास सांगता येईल त्यानेच या वाटेला जावे.