निर्गुडेकाठचे सोने

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात कोलोमा नावाचे नदीकाठचे एक लहानसे गाव आहे. २४ जानेवारी १८४८ या दिवशी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला तिथल्या पाण्यात सोन्याचे कण दिसले आणि साऱ्या जगातून माणसे तिकडे धावत सुटली. आता त्या गावी सोन्यासाठी कोणी जात नाही. मुलाबाळांना घेऊन लोक सुट्टी घालवायला जातात, पसरट थाळीत नदीची वाळू घेऊन हलवत बसतात आणि दोन पिवळे कण मिळाले तर कुपीत घालून घरी आणतात. ही सारी माहिती आमच्या चिरंजीवांनी भर जेवणात सांगितली आणि वर विचारले, "आपल्याकडे का नाही हो असं गाव?"

सौभाग्यवती यवतमाळ जिल्ह्यातल्या. माहेरचा विषय निघाला की त्यांचा हात ताटावरच थांबतो. "नाही कसं? दादाची बदली वणीलाच झाली आहे. चला तिकडे. सोनं पांढरं आहे एवढंच!"

अशा रीतीने गेल्या दिवाळीची आमची सहल ठरली. मेव्हण्यांना कळवले तेव्हा ते म्हणाले, "भाऊजी, अवश्य या. पण पांढरे कपडे आणू नका." या वाक्याचा उलगडा मला वणीत पाऊल टाकल्यावर झाला.

आम्ही मुद्दाम यवतमाळवरून गेलो. तिथे मूर्तिजापूरला जाणारी अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' होती. ही गाडी घातली गेली ती कापसासाठी, आणि वर्षानुवर्षे ओढली ती १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या इंजिनाने. म्हणजे मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा माल मँचेस्टरच्याच इंजिनाने न्यायचा! ते वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले आणि आता तर गाडीच बंद आहे. सौ. रुळांकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. लहानपणी चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येत असे, असे त्यांचे म्हणणे. मी ते अर्धे खरे मानतो.

वणी निर्गुडा नदीच्या काठी आहे. आज तालुक्याचे गाव, पण एके काळी सारा जिल्हाच तिच्या नावाने ओळखला जाई. इंग्रजांनी आपल्या जिभेला सोयीचे म्हणून त्याचे 'वूण' केले होते. नाव वणीचे आणि कचेरी यवतमाळला, असा मोठा चमत्कारिक संसार होता तो. १९०५ साली जिल्ह्याला यवतमाळचेच नाव मिळाले आणि वणीचे होते तेवढेही गेले. पण गावकऱ्यांना त्याचे फारसे दुःख दिसले नाही. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली आमच्या गावचा, हे मात्र तीन निरनिराळ्या माणसांनी मला न विचारता सांगितले.

आता त्या पांढऱ्या सोन्याविषयी. रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला तो काही इथल्या हवेसाठी नव्हे. त्यांचा डोळा या काळ्या कसदार जमिनीवर होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरला पोहोचेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या नावाने शेअरबाजार नाचू लागला. १८६५ साली युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. कोलोमाला पळत सुटलेली माणसे जशी रिकाम्या हातांनी परतली, तसे मुंबईचे पुष्कळ सावकार एका पावसाळ्यात रस्त्यावर आले. फरक एवढाच की सोन्याची खाण एकदा संपली की संपते. इथला कापूस मात्र मृगाच्या पावसाबरोबर दरवर्षी नव्याने उगवतो, आणि त्याच्याबरोबर आशाही.

दिवाळी हा वेचणीचा हंगाम. पहिला वेचा करण्याआधी शेतात 'सीतादही' करतात. पऱ्हाटीपाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. मेव्हण्यांच्या ओळखीचे एक शेत गावापासून थोडे दूर, घुग्घुसच्या वाटेला होते. तिथे आम्हाला बोलावणे होते. दुरून शेत पाहिले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ही सरकी काळी असते ना? मग कापूस का काळा दिसतो?"

कापूस अगदी काळा नव्हता, पण पांढराही नव्हता. धुवून धुवून विटलेल्या धोतरासारखा करडा रंग. पानांवर बोट फिरवले तर बोट काळे. आणि तेव्हाच पांढऱ्या कपड्यांचा तो इशारा माझ्या ध्यानात आला.

वणीच्या भोवती जमिनीच्या पोटात कोळसा आहे, म्हणजे काळे सोने. वर्धा नदीच्या पलीकडे वरोऱ्याला इंग्रजांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात खाण काढली होती. ती १९०६ साली बंद पडली. अलीकडच्या तीरावरचा कोळसा मात्र आजही निघतो आहे. १९७३ साली खाणी सरकारी झाल्या, पुढे उघड्या खाणी वाढल्या, आणि आता क्षितिजावर जे डोंगर दिसतात ते सह्याद्री-सातपुड्याचे नव्हेत, खाणीतून उपसलेल्या मातीचे आहेत. रस्त्याने दिवसरात्र कोळशाचे ट्रक धावतात. त्यांची धूळ उडते आणि फुटलेल्या बोंडावर बसते. बोंड फुटण्याची आणि पाऊस थांबून धूळ उडू लागण्याची वेळ नेमकी एकच!

शेतात सातआठ बाया ओटी बांधून वेचत होत्या. त्यांतल्या एका वयस्क मावशींना मी विचारले, "या कापसाला भाव कमी मिळतो का हो?"

त्यांनी माझ्याकडे न बघता चार बोंडे ओटीत टाकली. मग म्हणाल्या, "कमी म्हणजे? व्यापारी पायतो अन् म्हंतो, हा कायचा कापूस, ही त राख हाये. आता त्याले काय सांगू जी, राख आमच्या घरची नाही म्हून?"

"मग तक्रार नाही केली कुणी?"

"केली ना. साहेब येऊन पाहून गेले. त्याइच्या गाडीवरबी बसली धूळ."

बाया हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या दोन मुलांपैकी धाकटा खाणीवर ट्रक चालवतो, असे शेतमालकांनी मागाहून हळूच सांगितले. म्हणजे एकाच घरात पांढरे सोने आईच्या ओटीत आणि काळे सोने मुलाच्या ट्रकमध्ये! खाण बंद करा असे ती माउली कोणत्या तोंडाने म्हणणार? रस्त्यावर वेळच्या वेळी पाणी मारा आणि ट्रकवर ताडपत्री बांधा, एवढेच तिचे मागणे आहे. मला ते काही अवाजवी वाटले नाही. शहरात आपल्या घरी दिवे लागतात त्यात इथल्या कोळशाचा वाटा आहे आणि आपल्या अंगावरच्या सदऱ्यात इथल्या कापसाचा. तेव्हा हे मागणे आपल्यालाही ऐकू यायला हरकत नाही.

शेतमालकांनी पानग्यांचा बेत केला होता. कणकेचे जाड पानगे पळसाच्या पानांत घालून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे आणि वरण-वांग्याच्या भाजीबरोबर तुपात बुडवून खायचे. भाजी अशी झणझणीत की चिरंजीवांच्या नाकाडोळ्यांतून निर्गुडा वाहू लागली. तरी गडी तीन पानगे चेपून उठला. "पुन्यात असं भेट्टे का?" असे शेतमालकीणबाईंनी विचारले, तेव्हा सौ. माझ्याकडे असा कटाक्ष टाकत्या झाल्या की मी मुकाट्याने चौथा पानगा घेतला.

गावात बघण्यासारखे पुष्कळ आहे. रंगनाथस्वामींचे आणि जैताईचे अशी दोन देवळे चुकवू नयेत. राजूरकडे गेलात तर चुन्याच्या भट्ट्या दिसतील. तिथे मात्र पांढरी धूळ! पहाटे निर्गुडेच्या काठी फिरायला जावे. नदी मोठी नाही, पात्र फार स्वच्छ आहे असेही म्हणवत नाही, पण काठावरची झाडे आणि बगळे अजून टिकून आहेत.

आम्ही कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मुक्काम लांबवला तो वढ्याच्या जत्रेसाठी. वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमावर, चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीत हे ठिकाण आहे. विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळामुळे लोक त्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. संगमात स्नान करून माणसे रेतीवरच चूल पेटवतात. चिरंजीवांनी थाळी घेऊन अर्धा तास वाळू हलवली. सोन्याचा कण काही मिळाला नाही, कोळशाचा एक खडा मिळाला. तो त्यांनी कुपीत घालून पुण्याला आणला आहे.

जाणाऱ्यांनी नागपूरहून वरोऱ्यामार्गे जावे, म्हणजे वाटेत आनंदवनही पाहून होते आणि पाटाळ्याच्या पुलावरून वर्धेचे पात्र दिसते. सोबत चादरी न्याव्यात, कार्तिकातली पहाट तिकडे चांगलीच बोचते. आणि कपडे गडद रंगाचे असावेत.