पाहुण्याच्या ताटात शंका नको

घरी आलेला पाहुणा उपाशी उठला तर त्या घरच्या बाईच्या मनाला किती लागते, हे आमच्या माताभगिनींना वेगळे सांगायला नको. असा प्रसंग आमच्याच घरी घडला. त्याची हकिकत आणि त्यातून हाती लागलेली एक सोपी पाककृती आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमच्या हपिसात शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणे अस्सल अलिबागकडचे. बाई बेने इस्रायल समाजाच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. कोकणात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आला. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईत मांडवीला त्यांचे 1796 साली स्थापन झालेले प्रार्थनामंदिर आजही आहे. 1948 साली इस्रायल देश झाल्यावर यातली पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. आमच्या बाईंची बहीणही तिकडे लोद शहरात नांदते.

एका संध्याकाळी आम्ही बाईंना जेवायला बोलावले. आमच्या आईने हौसेने मटण केले, भाकऱ्या थापल्या, वर तांदळाची खीर. बाई आल्या, गप्पा झाल्या, पण पान वाढायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, “मावशी, रागावू नका. मला दोन केळी आणि काचेच्या पेल्यात कोरा चहा द्या.” आई काही बोलली नाही. बाई गेल्यावर मात्र भांडी आवरता आवरता म्हणाली, “आपल्या हातचं तिला चालत नाही का रे?”

आईच्या लहानपणी गावातल्या चहाच्या दुकानात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. ती ज्याची त्याने धुवायची आणि परत तिथेच ठेवायची. ते ज्याने पाहिले आहे त्याच्या तोंडून हाच प्रश्न निघणार. आम्हालाही रात्रभर चैन पडले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाईंना सरळच विचारले. त्यांनीही आडपडदा न ठेवता सगळे समजावून सांगितले.

ज्यू धर्मात खाण्याजोग्या, नियमात बसणाऱ्या अन्नाला ‘कोशर’ म्हणतात. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की कोशर म्हणजे शाकाहारी. तसे नाही. बकरा, मेंढी, कोंबडी चालते, पण ठरलेल्या रीतीने कापलेली. खवले आणि पर असलेला मासा चालतो, कोळंबी आणि खेकडा चालत नाही. डुक्कर तर नाहीच. आणि सर्वांत मोठा दंडक असा की मांस आणि दूध कधी एकत्र करायचे नाही. एका भांड्यात नाही, एका जेवणातही नाही. मटण खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खायचा तर काही घरांत तीन तास थांबतात, काही घरांत सहा. म्हणूनच बेने इस्रायल घरातल्या मटणाच्या रश्शात दही पडत नाही, नारळाचा रस पडतो. आता आमच्या घरी काय झाले होते? एकाच पानात मटण आणि दुधाची खीर! शिवाय दोन्ही रोजच्याच पातेल्यांत शिजवलेली.

धान्य, भाज्या, फळे, अंडी, मासे हे ना मांसात ना दुधात, मधले धरले जातात. म्हणजे हिशेब सोपा झाला. मांस सोडले की दूध, पनीर, चीज मोकळे. इस्रायलमध्ये रात्रीचे जेवण पुष्कळ घरांत असेच हलके, दुधादह्याचे असते. त्यात भट्टीत भाजलेला एक थापीव पदार्थ वरचेवर होतो, त्याला ‘पश्तिदा’ म्हणतात. कधी भाज्यांचा, कधी बटाट्याचा, कधी पास्त्याचा. बाई म्हणाल्या, “माझी बहीण कामावरून दमून आली की हेच करते. मी येते एकदा तुमच्याकडे, आपण मिळून करू.”

ठरल्या दिवशी बाई आल्या त्या एक पिशवी घेऊन. पिशवीतून निघाले पातेले, तवा, सुरी, पळी आणि किसणी. आमच्या आईचा चेहरा पुन्हा पडला. वेगळी भांडी! बाईंच्या ते लक्षात आले. त्या म्हणाल्या, “मावशी, हे पातेलं माझ्या घरात माझ्याच मटणाच्या पातेल्यापासून वेगळ्या फळीवर असतं. माझ्या सख्ख्या आईनं चुकून त्यात रस्सा केला असता तरी ते बाद झालं असतं. यात माणसाचा विटाळ नाही, मटणाचा आणि दुधाचा हिशेब आहे.” आईने ते पातेले हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि पाणी भरून चुलीवर ठेवले. गाठ तिथेच सुटली.

तरी एक गोष्ट आम्हाला खुपली, ती लपवीत नाही. काटेकोर पाळणाऱ्यांत असाही नियम आहे की अन्न शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागलेला असावा. परक्यांशी सोयरीक वाढू नये म्हणून जुन्या धर्मशास्त्र्यांनी तो घातला. आम्ही बाईंना म्हटले, “हा मात्र माणसाचाच हिशेब झाला.” बाई म्हणाल्या, “झाला. म्हणून मी वाट काढते. भट्टीत भांडं मी ठेवते, आणि जेवायला तुमच्याच पंगतीत बसते.” उत्तर प्रामाणिक होते. आम्ही वाद वाढवला नाही.

आता कृती.

साहित्य (सहा माणसांसाठी) : पास्ता 400 ग्रॅम, नळीचा किंवा मॅकरोनी. भरताचे वांगे साधारण अर्धा किलो. पिकलेले टोमॅटो एक किलो. दोन कांदे, लसणीच्या दहा पाकळ्या. तेल चार-पाच मोठे चमचे. पनीरसाठी दूध एक लिटर आणि एक लिंबू. किसलेले चीज 150 ग्रॅम. मीठ, मिरपूड, लाल तिखट, चिमूटभर साखर, चिमूटभर ओवा. दुकानात ओरेगानो मिळाले तर ओव्याऐवजी ते घालावे. ॲल्युमिनियमचा पातळ, एकदाच वापरायचा ट्रे आणि फॉइल.

बाजारात घ्यायच्या दक्षता : पास्त्याच्या पाकिटावर रव्याचा, म्हणजे ड्युरम गव्हाचा, असे लिहिलेले पाहून घ्यावा. मैद्याचा पास्ता भट्टीत गेल्यावर लगदा होतो. चीजच्या बाबतीत जास्त जपावे. दूध विरजून घट्ट करायला काही ठिकाणी वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात. वासरू ठरलेल्या रीतीने कापलेले नसेल तर तसले चीज कोशरमध्ये बसत नाही. आपल्याकडे हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये तो नसतो. तरी हिरवा ठिपका म्हणजे कोशरची खूण नव्हे. पुष्कळ ज्यू घरांत चीज देखरेखीखाली बनवलेलेच लागते. आपला पाहुणा तसा असेल तर चीज वगळून पनीरच जास्त घालावे. घरचे पनीर लिंबाने फाटते, त्यात जठराचा प्रश्नच येत नाही. आमच्या बाईंनी चीज आपल्या घरूनच आणले होते.

कृती : दूध उकळी आल्यावर लिंबाचा रस घालून फाडावे, फडक्यात गाळावे, थोडे पिळून हाताने मोकळे करावे. फार कोरडे करू नये.

वांगे कापताना घाई करू नये. कोशरमध्ये किडा, अळी पूर्ण वर्ज्य आहे. प्रत्येक काप उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहायचा. बाईंना ते करताना पाहून आई म्हणाली, “हे तर आम्ही रोजच करतो.” बोटाएवढ्या जाडीच्या फोडी करून मीठ लावून वीस मिनिटे ठेवाव्या, सुटलेले पाणी पिळून टाकावे आणि तव्यावर दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करून घ्याव्या. कच्चट वांगे भट्टीत शिजेल या आशेवर राहू नये, ते चिवटच राहते.

उरलेल्या तेलात लसूण आणि बारीक कांदा परतावा. कांदा मऊ झाला की चिरलेले टोमॅटो, तिखट, ओवा, साखर, मीठ घालून वीस मिनिटे शिजू द्यावे. कडेने तेल सुटू लागले की रस्सा झाला. तो थोडा पातळच ठेवावा, कारण पास्ता भट्टीत पाणी ओढतो.

मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी उकळून दोन मोठे चमचे मीठ घालावे, मग पास्ता. पाकिटावर जेवढी मिनिटे सांगितली असतील त्यापेक्षा दोन मिनिटे आधी उतरवावा. दाताखाली किंचित कच्चा लागला पाहिजे. निथळताना त्यातले वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवावे.

पास्ता, रस्सा, वांग्याच्या फोडी, अर्धे पनीर आणि ते वाटीभर पाणी एकत्र करावे. तेल लावलेल्या ट्रेमध्ये पसरावे. वर उरलेले पनीर, चीज, मिरपूड. भट्टी 200 अंशांवर आधी तापवून वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. पहिली पंधरा मिनिटे वर फॉइल झाकावी, मग काढावी म्हणजे वर खरपूस रंग येतो. काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच वाढावे, नाहीतर वाढताना सगळे सांडते.

आमच्या घरच्या छोट्या भट्टीत पूर्वी कोंबडी भाजलेली होती. तेव्हा बाईंनी ट्रे दुहेरी फॉइलमध्ये पक्का गुंडाळला आणि शेवटपर्यंत उघडला नाही. चीज फॉइलला चिकटू नये म्हणून आतून तेल लावले. रंग आला नाही, चव पुरेपूर आली. ट्रे भट्टीत बाईंनी ठेवला. ताटांऐवजी आम्ही पत्रावळी मांडल्या, पाहुण्यांना आणि घरच्यांनाही. एकट्या बाईंना पत्रावळ आणि आम्हाला ताटे, असे करायचे नाही हे आईनेच ठरवले.

ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनी जाड कढईत बोटभर जाड मीठ पसरावे, त्यावर रिंग ठेवावी, झाकून दहा मिनिटे तापवावी आणि आत ट्रे ठेवून मंद आचेवर अर्धा तास द्यावा. झाकणाखाली रंग फारसा येत नाही, पण चीज छान वितळते.

नोकरी करणाऱ्या घरासाठी युक्ती अशी. रस्सा आणि पनीर आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवावे. मग सातला घरी आले तरी साडेआठला पाने वाढता येतात. रात्री उरले तर सकाळी डब्याला होते. पाहुण्यासाठी करायचे असेल तर शुक्रवारची संध्याकाळ टाळावी, तेव्हा त्यांचा शब्बाथ सुरू होतो आणि त्यात चूल पेटवत नाहीत. वल्हांडणाच्या सणातही हा पास्ता चालणार नाही, त्या आठवड्यात फुगणाऱ्या धान्याचे पदार्थ वर्ज्य असतात. काही घरे आमच्या बाईंपेक्षा सैल, काही जास्त कडक. पाहुण्याला आधी विचारण्यात कमीपणा नाही.

जाता जाता या वांग्याची एक गोष्ट. इटलीत रोम शहरातल्या ज्यूंना 1555 साली पोपच्या हुकुमाने एका कोंदट वस्तीत कोंडण्यात आले. वस्तीला भिंत, रात्री दरवाजे बंद. पुरुषांनी पिवळी टोपी घातल्याशिवाय बाहेर पडायचे नाही. व्यापार करायचा तर जुन्या कपड्याचिंध्यांचा. ही बंधने पुरती उठली ती 1870 साली. त्या देशात वांगे हलके, ज्यूंचे खाणे म्हणून हिणवले जाई. पेल्लेग्रिनो आर्तूझी या लेखकाने 1891 साली इटलीचे प्रसिद्ध पाकपुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगे क्वचितच दिसे, कारण ते ज्यूंचे हीन अन्न मानत. पुढे तेच वांगे सगळ्या इटलीने ताटात घेतले, आणि आज मोठमोठ्या हॉटेलांत ते इटलीची शान म्हणून वाढतात. अन्न हलके कधीच नव्हते. ते खाणाऱ्यांना हलके ठरवले गेले होते, इतकेच. ही गोष्ट बाईंनी जेवता जेवता सांगितली, तेव्हा आमच्या आईने काही न बोलता त्यांना आणखी एक पळी वाढली.

निघताना बाई पातेले घासून पुसून पिशवीत भरू लागल्या. आईने ते काढून घेतले. “राहू दे इथंच. वरच्या फळीवर वेगळं ठेवते. मटण लागणार नाही त्याला.”

आता त्या फळीवर ते एकटेच असते. आमच्या धाकट्याने एकदा त्यात अंडी उकडायला घेतली. आम्ही ओरडलो तर आईने आम्हालाच गप्प केले. “अंडं चालतं,” म्हणाली, “ते मधलं आहे.”