आपण हरलो

जो मैदानात उतरून खेळतो, त्याला हार आणि जीत या दोहोंची हळूहळू सवय होते. परंतु मैदानाबाहेर राहून जो एखाद्या संघावर जीव लावतो, त्याला हार सोसण्याचे शिक्षण कोणी देत नाही. त्याच्या हाती ना चेंडू असतो, ना बॅट. संघ हरला की त्याचे मन खट्टू होते, जेवणावरची वासना उडते, आणि वडील मंडळी म्हणतात, "अरे, खेळच तो! त्यात तुझे काय गेले?" त्याचे काय गेले, याचाच थोडा विचार आपण येथे करू.

१४ मार्च २०२४ हा दिवस विदर्भातील क्रिकेटप्रेमी सहजासहजी विसरणार नाहीत. मुंबईच्या वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला ४१ वेळा हा करंडक जिंकलेला मुंबईचा संघ, तर दुसऱ्या बाजूला विदर्भ. विदर्भाचा संघ या स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळत आला. पण पहिल्या विजेतेपदासाठी त्याला साठ वर्षे वाट पाहावी लागली. २०१७-१८ मध्ये तो प्रथम जिंकला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकला. त्यामुळे या खेपेस लोकांच्या आशा वाढलेल्या होत्या.

सामन्याचा आरंभही आशादायक होता. मुंबईचा पहिला डाव २२४ धावांत आटोपला. पण विदर्भाचे फलंदाज १०५ धावांतच बाद झाले. मुंबईने दुसऱ्या डावात ४१८ धावा केल्या आणि विदर्भापुढे ५३८ धावांचा डोंगर उभा राहिला. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास करंडक मिळतो, असा नियम आहे. ती आघाडी मुंबईकडे होती. म्हणजे नुसते टिकून राहण्याने भागणार नव्हते. तो डोंगर चढणेच प्राप्त होते.

चौथ्या दिवसाअखेर विदर्भाचे पाच गडी बाद झाले होते आणि धावा होत्या २४८. आता सामना संपल्यातच जमा आहे, असे पुष्कळांना वाटले. परंतु पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी बाद होऊ दिला नाही. धावफलक ३३३ वर गेला. चंद्रपूरपासून सिरोंचापर्यंत जेथे जेथे हा सामना पाहिला जात होता, तेथे तेथे मावळलेली आशा पुन्हा उजळली असेल. उपाहारानंतर वाडकर १०२ धावा करून बाद झाले. तेव्हा धावा होत्या ३५३. त्यानंतर उरलेले गडी भराभर बाद झाले आणि ३६८ धावांवर डाव संपला. शेवटचे पाच गडी अवघ्या १५ धावांत गेले. मुंबईने १६९ धावांनी सामना जिंकून बेचाळिसाव्यांदा करंडक मिळविला.

मोठ्या पराभवापेक्षा असा पराभव मनाला अधिक लागतो. आशाच नसती, तर दुःख थोडके झाले असते. आशा पालवली आणि मग खुडली गेली, याचेच दुःख फार होते.

आता वडील मंडळींच्या प्रश्नाकडे वळू. वानखेडे मैदान चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशापासून शेकडो कोस दूर. खेळणारे आपल्या नात्याचे नाहीत, गोत्याचे नाहीत. काही तर जन्माने विदर्भाचेही नव्हेत. करुण नायर पूर्वी कर्नाटकाकडून आणि ध्रुव शोरी दिल्लीकडून खेळत असत. मग अहेरीच्या किंवा मूलच्या एखाद्या मुलाने त्यांच्यासाठी हळहळावे, हे वेडेपण नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. त्या खेळाडूंच्या छातीवर विदर्भाचे नाव होते. वैनगंगेच्या काठचे धान, बल्लारपूरचा कागद, वऱ्हाडचा कापूस आणि नागपूरची संत्री या साऱ्यांना जे एक नाव आहे, तेच नाव. ज्याने ते नाव धारण केले आणि त्यासाठी घाम गाळला, तो आपला झाला. आपल्या घरापलीकडचा, आपण कधी न पाहिलेला माणूस आपला वाटणे, ही फार मोलाची गोष्ट आहे. आपल्या गावावर, भाषेवर, देशावर माणूस प्रेम करतो, तेही याच शक्तीच्या बळावर. म्हणून संघाच्या पराभवाने ज्या मुलाचे डोळे पाणावतात, त्याला हसू नये. त्याच्या मनाचे आवार त्याच्या घराच्या आवारापेक्षा मोठे झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु दुःख होणे निराळे आणि त्या दुःखाचे आपण काय करतो ते निराळे. खरी परीक्षा तेथे असते.

लोकांचे बोलणे जरा कान देऊन ऐका. संघ जिंकला की सगळे म्हणतात, "आपण जिंकलो!" आणि संघ हरला की तेच लोक म्हणतात, "ते हरले." एका दिवसात 'आपण'चे 'ते' होते. विजयात वाटा हवा, पराभवात नको! असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. जो असे बोलतो, त्याचे प्रेम संघावर नसून गुलालावर असते. असल्या माणसाला हार फारशी लागतही नाही. कारण तो संघापासून केव्हाच दूर झालेला असतो.

दुसरा एक प्रकार याहून वाईट. हार झाली की काही जण अपराधी शोधू लागतात. "अमक्याने तो फटका मारायलाच नको होता," "तमक्याला घेतलेच कशाला?" असे म्हणता म्हणता गोष्ट शिवीगाळीवर जाते. हातातल्या मोबाइलवरून ही निंदा क्षणात खेळाडूच्या घरापर्यंत पोहोचते. खेळातील चूक दाखवू नये, असे मी म्हणत नाही. चूक समजून घेतल्याखेरीज सुधारणा होत नाही. पण ३५३ धावांपर्यंत ज्यांनी आपल्याला आशा दिली, त्यांना पुढच्या १५ धावांसाठी गुन्हेगार ठरविणे, हा कोणता न्याय?

आपल्या झाडीपट्टीत शंकरपट भरतो, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पटात सगळ्याच जोड्या जिंकत नाहीत. पण जो खरा शेतकरी आहे, तो हरलेल्या बैलांना उपाशी ठेवीत नाही. तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवितो, त्यांना पाणी दाखवितो, पेंड घालतो. बैल धावले, त्यांनी आपले बळ राखून ठेवले नाही, हे त्याला ठाऊक असते. मुक्या जनावराला जो न्याय आपण देतो, तो माणसाला द्यायला का विसरावे?

तिसरी गोष्ट प्रतिपक्षाची. आपण हरलो, याचा अर्थ दुसरे कोणी चांगले खेळले. त्या सामन्यात मुंबईच्या मुशीर खान या अवघ्या १९ वर्षांच्या फलंदाजाने दुसऱ्या डावात १३६ धावा केल्या. हे मान्य करताना जीव थोडा जड होतो, हे खरे. पण पराभवाच्या दिवशी ज्याला दुसऱ्याचा गुण दिसतो, त्याची दृष्टी स्वच्छ राहिली असे समजावे.

तुम्ही म्हणाल, हे सारे सोसून शेवटी मिळते काय? पुढचा विजय मिळतो, असे आश्वासन मी देणार नाही; खेळात असे आश्वासन कोणालाच देता येत नाही. १८ जानेवारी २०२५ रोजी वडोदऱ्यास विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भ पुन्हा हरला. कर्नाटकाने त्याला ३६ धावांनी हरविले. त्यानंतर मात्र रणजी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने नागपुरात त्याच मुंबईला ८० धावांनी नमविले, आणि २ मार्च २०२५ रोजी केरळाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला. कर्णधार अक्षय वाडकरच होते. आदल्या वर्षी त्यांच्याबरोबर झुंजलेल्या हर्ष दुबे यांनी त्या हंगामात ६९ गडी बाद करून स्पर्धेचा नवा विक्रम केला.

त्या दिवशी विदर्भात आनंद झाला. पण केरळाकडे पाहा. तो संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला होता. त्याचे कर्णधार सचिन बेबी पहिल्या डावात ९८ धावांवर बाद झाले. आघाडी हातची निसटली. तेथील एखाद्या खेड्यातील मुलानेही त्या रात्री जेवणाचे ताट दूर सारले असेल. ज्याने स्वतः हार सोसली आहे, त्यालाच त्या मुलाचे मन कळेल, आणि त्याच्या विजयात उन्माद येणार नाही. पराभव आपल्याला जे देतो, ते हे.

म्हणून तुमचा आवडता संघ हरला, तर खुशाल वाईट वाटून घ्या. मात्र "ते हरले" असे म्हणू नका. "आपण हरलो" असे म्हणा. हे दोन शब्द म्हणायला थोडे धैर्य लागते. ते ज्याला जमले, त्यालाच पुढे कधी "आपण जिंकलो" असे म्हणण्याचा अधिकार आहे.