परवाना मिळाला म्हणून धंदा जायज होत नाही

‘अबकारी’ हा शब्द फारसीतला. आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम. या पाण्याच्या कामातून इंग्रज सरकारने तिजोरी कशी भरली, हे आम्हा व्यापारी-कारागिरांनी समजून घेण्यासारखे आहे.

मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. कारण सांगितले ते दारूवरील नियंत्रणाचे. प्रत्यक्षात लहान भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीचा माल दुकानांतून विकला जाऊ लागला. ताडाच्या झाडामागे कर बसला. मक्तेदाराकडून किमान महसुलाची हमी घेतली जाई. या हमीचा अर्थ व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. ज्याने रक्कम कबूल केली, तो माल खपवल्यावाचून राहील कसा?

१८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर कायद्याने बंधने आली. ही फुले गरीब आदिवासींचे अन्नही होते. ताडीची किंवा मोहाच्या दारूची तरफदारी आम्हाला करायची नाही. पण घरची दारू गुन्हा आणि मक्त्याची दारू कायदेशीर, याला सुधारणा कसे म्हणावे? पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा महात्मा फुले यांनी १८८० साली नगरपालिकेकडे विरोध नोंदवला होता.

तिजोरीला लागलेले हे व्यसन सुटणे सोपे नव्हते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली, तेव्हा बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी इमारतींवर १० टक्के कर बसवावा लागला. त्याला मुसलमान घरमालकांनीही विरोध केला. न पिणाऱ्याने भुर्दंड का सोसावा, हा प्रश्न रास्त होता. पण दारूच्या पैशावर चालणारा कारभार बदलायचा तर कोणाला तरी खिशात हात घालावा लागतोच.

आज १९४९ चा दारूबंदी कायदा कागदावर आहे, परवाने आहेत आणि उत्पादन शुल्कही आहे. सरकारचा हिशेब सरकार पाहील. आमचा हिशेब वेगळा आहे. बाजारात गाळा रिकामा झाला की बारवाला जास्त भाडे देऊ करतो. ‘परवाना आहे, मग हरकत काय?’ असे आमचेच काही बांधव म्हणतात. हदीसमध्ये दारू पिणाऱ्याबरोबर ती गाळणारा, वाहणारा, विकणारा आणि तिची किंमत खाणारा यांच्यावरही लानत आली आहे. सरकारी शिक्का त्यातून कोणाला सोडवत नाही.

मागावरच्या कारागिराची आठवड्याची मजुरी ज्या दुकानात जाते, त्याचे भाडे आमच्या गल्ल्यात येऊ नये. बाजार कमिट्यांनी आणि जमातींनी हा ठराव करावा. गाळा दोन महिने रिकामा राहिला तरी चालेल. रोजी देणारा अल्लाह आहे.