विश्लेषण : आधी बिघाड, मग इशारा! ‘फायरफ्लाय’चा तो एक एपिसोड आजही का बघावा?

अंतराळयानाच्या इंजिनातला, हातात मावेल एवढा एक पार्ट निकामी होतो. इंजिन थांबतं, हवा खेळवणारी यंत्रणा बंद पडते आणि यानातल्या नऊ माणसांकडे काही तासांपुरती हवा उरते. ‘फायरफ्लाय’ या अमेरिकी मालिकेतल्या ‘आऊट ऑफ गॅस’ या एपिसोडची ही गोष्ट. २५ ऑक्टोबर २००२ रोजी तो प्रसारित झाला आणि दोन महिन्यांत मालिकाच बंद पडली. तरीही मी तो पुन्हा पुन्हा बघतो. दर वेळी एपिसोड आवडतो आणि दर वेळी वाहिनीचा रागही येतो. या रागाला कारण आहे. (पुढे कथानकाचे तपशील आहेत.)

मालिका कशाची आहे?

काळ आहे सन २५१७. यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा सैनिक माल्कम रेनॉल्ड्स ‘सेरेनिटी’ नावाचं जुनं मालवाहू यान चालवतो. मिळेल ते काम घ्यायचं, कधी कायद्यात बसणारं, कधी न बसणारं. सोबत आठ माणसं, प्रत्येकाची पार्श्वभूमी वेगळी. जॉस व्हेडन यांनी ही मालिका निर्माण केली आणि अमेरिकेत ती ‘फॉक्स’ वाहिनीवर शुक्रवारी रात्री लागायची.

त्या एपिसोडमध्ये काय घडतं?

वाढदिवसाचा केक कापायच्या वेळी इंजिनरूममध्ये स्फोट होतो. यानाची मेकॅनिक केली हिला बिघाड सापडतो, पण बदली पार्ट नाही. माल सगळ्यांना दोन छोट्या शटलमधून पाठवून देतो आणि स्वतः यानावर थांबतो. भंगार शोधत आलेलं एक यान पार्ट द्यायला तयार होतं, पण त्यातली माणसं मालवर गोळी झाडतात. जखमी माल पार्ट मिळवतो, रांगत-धडपडत इंजिनपर्यंत जातो आणि तो बसवतो.

गोष्ट सरळ सांगितलेली नाही. एकटा, रक्तबंबाळ माल. काही तासांपूर्वीचा स्फोट. आणि प्रत्येक जण या यानावर आला कसा, असे तीन काळ एकमेकांत गुंफलेत. लेखक टिम मिनिअर आणि दिग्दर्शक डेव्हिड सॉलोमन यांनी ते रंगछटांनी वेगळे ठेवलेत. जुने दिवस उबदार पिवळसर, तर आत्ताचा क्षण थंड निळसर. त्यामुळे मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवरही गोंधळ होत नाही.

विज्ञान कितपत खरं?

एपिसोडमध्ये रिव्हर म्हणते, की हवा संपण्याआधी आपण थंडीने गोठू. इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला इथे लगेच शंका येते. अंतराळाच्या पोकळीत उष्णता फक्त उत्सर्जनाने बाहेर जाते, त्यामुळे यान काही तासांत गोठणार नाही. शिवाय बंद जागेत ऑक्सिजन संपण्याआधी कार्बन डायऑक्साइडच जीव घेऊ शकतो.

पण भीती अगदीच खोटी नाही. एप्रिल १९७० मध्ये ‘अपोलो १३’ची ऑक्सिजन टाकी फुटली. वीज वाचवण्यासाठी यंत्रणा बंद कराव्या लागल्या आणि तीन अंतराळवीरांनी कडाक्याच्या थंडीत प्रवास केला. कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी फिल्टर गोल जागेत बसवायला प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरावी लागली. अंतराळात जीव एखाद्या क्षुल्लक वस्तूवर टांगलेला असतो, ही एपिसोडची मूळ कल्पना पूर्णपणे खरी आहे.

मग राग कशाचा?

निकामी झालेला पार्ट कॉम्प्रेशन कॉइलचा आहे. या कॉइलबद्दल केलीने मालिकेच्या पहिल्याच एपिसोडमध्ये इशारा दिला होता. ती नवी घ्यायला हवी, बिघडली तर आपण अधांतरी लटकू, असं ती सांगते. पैसे नसलेला माल ते थट्टेवारी नेतो. ‘चालतंय ना, मग चालू दे,’ हा आपल्याही ओळखीचा कारभार. दोन तासांच्या त्या पहिल्या एपिसोडमध्ये पेरलेलं बी आठव्या एपिसोडमध्ये उगवावं, अशी योजना होती.

पण ‘फॉक्स’ला पहिला एपिसोड संथ वाटला. नवी सुरुवात हवी म्हणून व्हेडन आणि मिनिअर यांनी एका वीकेंडमध्ये ‘द ट्रेन जॉब’ लिहून दिला आणि २० सप्टेंबरला मालिका त्यानेच सुरू झाली. मूळ पहिला एपिसोड लागला २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी. म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांनी बिघाड ऑक्टोबरमध्ये पाहिला आणि इशारा डिसेंबरमध्ये ऐकला!

गंमत म्हणजे ‘संथ’ ठरलेल्या त्याच एपिसोडला पुढे व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी एमी पुरस्कार मिळाला.

मालिका फक्त क्रमामुळे बुडाली का?

नाही, तसं म्हणणं चाहत्याचा हट्ट ठरेल. मालिकेला सरासरी ४७ लाख प्रेक्षक मिळाले आणि नीलसनच्या क्रमवारीत ती ९८वी होती. खर्चिक मालिकेसाठी हे आकडे कमीच. शुक्रवारची रात्र हीसुद्धा तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची वेळ. पण पात्रांची ओळखच न करून देता प्रेक्षकाला मधूनच आत ढकललं, तर तो थांबेल कशाला? टीआरपी किती जणांनी पाहिलं ते सांगतो. दाखवलं कसं, हे तो सांगत नाही. केलीने इशारा दिला होता, तसा दोष मापात नाही, देखभालीत होता.

मग मालिका वाचली कशी?

तयार झालेल्या १४ पैकी ११ एपिसोडच प्रसारित झाले. डिसेंबर २००३ मध्ये सगळे १४ मूळ क्रमाने डीव्हीडीवर आले आणि लोकांना गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. डीव्हीडींची विक्री आणि चाहत्यांचा रेटा यांमुळे २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट निघाला. २००७ मध्ये अंतराळवीर स्टीव्हन स्वॉन्सन यांनी या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या.

आज असं होऊ शकेल का?

इथेच खरी काळजी आहे. नेटफ्लिक्सवर ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला रद्द झाल्याचं जाहीर झालं. कोडं तसंच राहिलं. ‘वेस्टवर्ल्ड’ तर रद्द झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये ‘एचबीओ मॅक्स’वरून काढूनच टाकली गेली. कित्येक ओटीटी मालिकांची डीव्हीडी निघतच नाही. वाहिनीने पाठ फिरवल्यावर ‘फायरफ्लाय’ला दुसरं दार उघडं होतं. आता दार आणि चावी दोन्ही एकाच कंपनीकडे असतात.

मालिका बंद करण्याचा हक्क पैसा लावणाऱ्याचा आहे, हे मान्य. पण जे बनलंय ते लेखकाने ठरवलेल्या क्रमाने दाखवणं आणि नंतरही कुठे तरी बघायला, विकत घ्यायला उपलब्ध ठेवणं, एवढी अपेक्षा प्रेक्षकाने ठेवायला हरकत नाही. आपण मोजतो ते फक्त पैसे नसतात, रात्रीची झोपही असते.

मग अपूर्ण मालिका बघायचीच कशाला?

‘आधीच बंद पडलीय, मग कशाला वेळ घालवतोस?’ हा प्रश्न मित्र विचारतात. उत्तर ‘आऊट ऑफ गॅस’च्या शेवटी आहे. जुन्या यानांच्या बाजारात विक्रेता मालला एका चांगल्या यानाचे गुण ऐकवतोय. मालचं लक्ष मात्र बाजूला पडून असलेल्या ‘सेरेनिटी’कडे जातं. ती किती दिवस चालेल याची खात्री नाही, तरी तो तीच घेतो.

१४ एपिसोड आहेत. बघायचे ठरवलंत तर फक्त एक करा : दोन तासांच्या ‘सेरेनिटी’ या पहिल्या एपिसोडपासून सुरुवात करा. कॉइलबद्दल केली काय म्हणते, ते नीट ऐका आणि मगच आठव्या एपिसोडपर्यंत या.